नकाशावरची देणी

कानंद खोरं, गुंजवणीचं खोरं, वेळवंडीचं खोरं आणि खाली नीरेकाठचं हिरडस मावळ हा सगळा मुलूख आज राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि भोर या दोन तालुक्यांत मोडतो. इथल्या वाड्या, पाणवठे, घाटवाटा आता ओपनस्ट्रीटमॅपवर दिसतात. हा नकाशा कुण्या कंपनीच्या मालकीचा नाही. तो कुणीही उघडावा, वापरावा, त्यात भर घालावी. एखाद्या वाडीवर बोट ठेवलं की तिची नोंद कुणी केली तेही कळतं, आणि आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी तिथे माझं नाव येतं. गावची शिकलेली पोरं ते दाखवून माझं कौतुक करतात. मला ते झेपत नाही. त्या प्रत्येक नोंदीमागे कोण उभं होतं हे मला माहीत आहे, आणि नकाशात त्यांचं नाव लिहायला रकाना नाही. म्हणून ही देणी इथे लिहून ठेवतो.

पहिलं देणं पुण्यातलं. मी शिकायला शहरात आलो तेव्हा वसतिगृहातल्या वरच्या वर्गातल्या एका दादाने मला मॉडेल कॉलनीत नेलं. तिथे आतुर सेंटरमध्ये सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याच्या लिनक्स यूजर्स ग्रुपची, म्हणजे ‘प्लग’ची, बैठक भरायची. फी नाही, हजेरी नाही, ओळखपत्र नाही. मोठाल्या कंपन्यांतले अभियंते आणि माझ्यासारखी पोरं एकाच बाकावर बसायची. सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत. मला ते जमेना. तिथल्या एका थोरल्या माणसाला मी ‘काका’च म्हणत राहिलो आणि त्यांनीही ते चालवून घेतलं.

माझ्या जुन्या, दुसऱ्याने टाकून दिलेल्या संगणकावर लिनक्स घालायला हे काका त्यांच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहावर आले होते. छपाईयंत्र काही केल्या चालेना. मी म्हणालो, ‘काका, चालत नाही.’ ते म्हणाले, ‘चालत नाही, एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. तू काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणती आवृत्ती आहे, एवढं नीट लिही. ज्याने हे बनवलंय तो कुठेही असला तरी वाचेल.’ मी लिहिलं. माझं इंग्रजी बेताचं होतं, तरी काही दिवसांत उत्तर आलं, आणखी दोन प्रश्न आले, आणि पुढच्या आवृत्तीत ते यंत्र चालू लागलं. माझ्या तक्रारीमुळे परदेशातल्या एका अनोळखी माणसाने आपलं काम बदललं, ही गोष्ट त्या वयात माझ्या मनात खोल रुजली. आमच्याकडे तक्रार म्हणजे वरच्या साहेबाकडे न्यायचा अर्ज, नाहीतर भांडण. तक्रार म्हणजे कामातला वाटा, हे मला काकांनी शिकवलं. पुढे खोऱ्यांत जे काही उभं राहिलं ते या एका शिकवणीवर.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सुरू केला. तिकडे सरकारी नकाशे करदात्यांच्या पैशातून बनत आणि तरी त्यांची माहिती विकत घ्यावी लागे. लोकांनीच नकाशा करावा, असं त्यातून पुढे आलं. आपल्याकडची गोष्ट निराळी नव्हती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मिळवणं म्हणजे अर्ज आणि परवानग्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने थोडी वाट मोकळी केली, पण सामान्य माणसाच्या हातात फारसं काही आलं नव्हतं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली उपग्रहचित्रं या खुल्या नकाशासाठी वापरायला दिली आणि घरबसल्या रस्ते, घरं, ओढे गिरवता येऊ लागले. आमच्या भागात तेव्हा काय होतं? राजगड होता, तोरणा होता, कारण गिर्यारोहकांनी ते टाकले होते. नसरापूरहून वेल्ह्याला जाणारा रस्ता होता. भोर गाव होतं, भाटघरचं पाणी होतं. किल्ल्यांच्या मधल्या जागेत, जिथे माणसं राहतात, तिथे कोरा कागद.

ही कोरी जागा मला खुपायची, पण ती भरणं तातडीचं आहे असं वाटलं नव्हतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते सकाळच्या एसटीच्या चालकामुळे. ती बातमी वाचल्यावर मी आमच्या घाटमाथ्याचा विचार करू लागलो. आमच्याकडे महसुली गाव एक असतं आणि त्याच्या वाड्या चार ठिकाणी, त्यातली एखादी नेमकी उताराच्या पोटात. यादीत गावाचं नाव असतं, वाडीचं नसतंच असं नाही, पण ती कुठे आहे हे कागदावर कुणाला दाखवता येत नाही.

तेव्हा मला फील्ड पेपर्स नावाचं एक साधन सापडलं होतं. अमेरिकेतल्या मिखाल मिगुर्स्की यांच्या ‘वॉकिंग पेपर्स’ या कल्पनेतून ते पुढे आलेलं. आपल्या भागाचा नकाशा कागदावर छापायचा, त्यावर पेनाने लिहायचं, आणि कागद स्कॅन केला की कोपऱ्यातल्या खुणेवरून तो बरोबर आपल्या जागी नकाशावर जाऊन बसतो. म्हणजे संगणक येणारा एक आणि मुलूख ओळखणारे बाकी सगळे, असं काम करता येत होतं. मी कागदांची चळत घेऊन गावी गेलो.

मुक्कामी गाडीच्या वाहकाचं ऋण इथून सुरू होतं. रात्री शेवटच्या गावी गाडी थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे गाडी परत निघते. गावाने जेवण द्यायचं, झोपायला देऊळ. या वाहकभाऊंना त्या मार्गावरची प्रत्येक वाडी ठाऊक होती, कुठली म्हातारी कुठल्या झाडाखाली गाडीची वाट बघते तेही. त्यांनी देवळात कंदिलाशेजारी कागद पसरला आणि पहिलंच वाक्य बोलले, ‘दादा, ही वाडी हितं न्हाई. वढ्याच्या पल्याड.’ उपग्रहचित्रावरून कुणीतरी दूरवर बसून गुरांचे गोठे पाहिले होते आणि त्यांनाच वाडी मानलं होतं. माणसं राहत होती ती दाट झाडीत, वरून न दिसणारी. वाहकभाऊंनी पेन घेऊन थांबे मांडले, मग तिकिटाच्या यादीत नाव नसलेले थांबे मांडले, मग पावसाळ्यात गाडी जिथून मागे फिरते त्या जागा मांडल्या. ही शेवटची माहिती मी मागितलीच नव्हती. मला ती मागायचं सुचलंही नसतं.

घाटवाटांसाठी मात्र मला घाटमाथ्यावरच्या एका धनगरवाड्यावरच्या आबांकडे जावं लागलं. मोहरी-सिंगापूरपासून केळदपर्यंतच्या कड्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या: बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, शेवत्या, मढे, उपांड्या. गिर्यारोहकांच्या नोंदींत या सगळ्या सारख्याच तुटक रेषा होत्या. आबा रेषांना मानेनात. ‘आरं लेकरा, ही गुरांची वाट, ही डोईवर बोजा घिऊन जायाची, आन ही न्हाई. हिच्यावरनं सुकं मानूस उतरंल, ते बी उन्हाळ्यात.’ या वाटांनी त्यांच्या वाडवडिलांनी कोकणात तूप उतरवलं, मीठ वर आणलं. तोरण्यावरून रायगडाकडे पाहत राहणाऱ्या आम्हा लोकांना डोंगर म्हणजे इतिहास वाटतो. आबांना तो रोजचा रस्ता होता.

आबांचे हे भेद नकाशात कसे भरायचे? तिथे वाटेसाठी अवघडपणाचे दर्जे आहेत, पण ते स्विस आल्प्समधल्या गिर्यारोहणाच्या पद्धतीवरून आलेले. वाट किती स्पष्ट दिसते, ती वर्षातून कोणत्या महिन्यांत चालू असते, हेही नोंदवता येतं. मी आबांचं बोलणं त्या चौकटींत बसवू लागलो तेव्हा एका जर्मन नकाशाकाराचा प्रश्न आला: एवढ्या उभ्या कड्यावरून वाट जातेच कशी? मी आबांना विचारलं. त्यांनी कातळातल्या खोदीव पावठ्या कुठे आहेत, कुठे धबधब्याच्या सुकलेल्या पात्रातूनच उतरायचं, हे सगळं सांगितलं. मी ते लिहून पाठवलं. त्या जर्मन माणसाने पुढे कितीतरी दिवस आमच्या कड्यावरच्या वाटा एकेक करून तपासल्या, जिथे रेषा हवेत लोंबकळत होती तिथे खूण करून मला विचारलं. तो माणूस आबांना कधी भेटला नाही. पण आबांच्या ज्ञानाचा इतका काटेकोर मान त्यांच्या हयातीत दुसऱ्या कुणी ठेवल्याचं मला माहीत नाही.

बायकांनी जे दिलं ते मात्र सगळं नकाशात गेलं नाही, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि फाल्गुन सरता सरता हंडे रांगेला लागतात. धरणं पायथ्याला आहेत, पाणी पुढे जातं. वरच्या वाड्या झऱ्यांवर जगतात. सह्याद्रीचा काळा कातळ थरांचा आहे. वरच्या सच्छिद्र थरातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडलं की डोंगराच्या कुशीत कुठेतरी बाहेर पडतं. कुठला झरा शिमग्याला आटतो, कुठला अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकतो आणि कुठला कधीच आटत नाही, हे पुरुषांना अंदाजाने माहीत असतं आणि बायकांना नक्की. ही माहिती नकाशावर आली तर टंचाईच्या वेळी वाडीला आपली बाजू मांडता येईल, असं माझं म्हणणं होतं.

एका वाडीत देवळात बैठक झाली. लावणी आटोपली होती, म्हणून बाया आल्या. आधी विचारलं गेलं ते हेच: नकाशा कशापायी? जमिनी घ्यायला कुणी येणार का? प्रश्न रास्त होता. धरणाकाठच्या आणि डोंगरमाथ्याच्या जमिनींसाठी दलाल फिरतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी जेवढं खरं ते सांगितलं: हा नकाशा सगळ्यांना दिसतो, त्यांनाही दिसेल. मग एक आजी उठल्या. म्हणाल्या, ‘झरा दावते. पर गडावर येनाऱ्या पोरांस्नी दावू नगंस. त्ये साबन लावत्यात.’ दुसरीने देवराईचं सांगितलं. राईतल्या पाण्याला पायताण घालून कुणी जात नाही. ते नकाशावर आलं की उद्या तिथे तंबू लागतील.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून देवराई म्हणजे जंगल राखण्याची लोकांची रीत हे शिकल्या-सवरल्यांना पटलं. ती रीत टिकते ती काही गोष्टी बोलायच्या नाहीत, दाखवायच्या नाहीत, या संकोचावर. त्या बैठकीत ठरलं की आटणारे आणि रस्त्यालगतचे झरे खुल्या नकाशावर जातील. बारमाही झरे आणि राईतलं पाणी क्यूजीआयएस या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या फायलीत ठेवायचं, त्याचा छापील कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि तो दाखवायचा की नाही हे वाडीने ठरवायचं. पुण्यातल्या माझ्या काही मित्रांना हे पटलं नाही. खुलं म्हणजे खुलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी माझा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मी आजींच्या बाजूचा आहे. सॉफ्टवेअर खुलं असण्याचा मोठा फायदा मला इथेच दिसला: तेच साधन वाडीला स्वतःच्या हातात, स्वतःच्या अटींवर, कुणालाही पैसे किंवा माहिती न देता वापरता आलं. त्या संध्याकाळनंतर वाडी माझ्या कामात आली. त्याआधी मी त्यांच्याकडे जात होतो एवढंच.

आशाताईंचं, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेचं, देणं यापुढचं. बाळंतपणाची बाई झोळीतून खाली आणायची, तिथे १०८ ची गाडी यायची, हा आमच्याकडचा प्रघात. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, पण फोनवर गाडी कुठे बोलवायची हे सांगणं ही मोठी कसरत. वरच्या वाड्यांत रेंज नाही. ताईंच्या फोनमध्ये मी ऑस्मअँड हे ॲप घातलं. त्यात नकाशा आधीच उतरवून घेता येतो, मग नेट लागत नाही. थोड्या दिवसांनी त्यांनी मला गाठलं आणि एकामागून एक चुका सांगितल्या. हा रस्ता डांबरी दाखवलाय, तो अर्धाच झालाय. इथे मोरी खचली आहे. आणि मुख्य म्हणजे, ‘दादा, गाडी येते कुठवर ते समजतं, पण वळते कुठं ते न्हाई समजत.’ अरुंद रस्त्यावर रुग्णवाहिका वर आली आणि वळायला जागा नसेल तर तिला उलटी उतरावी लागते, रात्री, पावसात. या नकाशात गाडी वळवायच्या जागेसाठी खूण आधीपासून होती. कुणीतरी कधीतरी ती गरज ओळखून ठेवली होती, पण आमच्या खोऱ्यात ती कुणी लावली नव्हती. ताईंनी आपल्या हद्दीतल्या अशा सगळ्या जागा मला दाखवल्या. त्यांचं पाहून शेजारच्या आशाताईंनी आपल्या दाखवल्या. तक्रार करणाऱ्या या बायकाच पुढे या कामाचा कणा झाल्या, आणि मला सारखे ‘प्लग’मधले काका आठवत राहिले.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी नावं मराठीत भरून घेतली. मुलांनी आजी-आजोबांना विचारून दांड, टेप, पाणवठे, शेतांची नावं आणली, गुरुजींनी शुद्धलेखन तपासलं, मी भरलं. पण नकाशाच्या चित्रात देवनागरी नीट उमटेना. ‘शिरगाव’मधली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची, ‘खोऱ्यातली’ अक्षरं तुटायची. गुरुजी म्हणाले, ‘मुलांची वही मी अशी तपासून परत दिली असती.’ हे त्यांचं म्हणणं मी चित्रासकट कळवलं. तमिळ, बंगाली, ख्मेर लिहिणारेही तेच सांगत होते. २०१५ मध्ये मॅपनिक या नकाशा रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीत हार्फबझ जोडलं गेलं, आणि कालांतराने वेलांट्या जागेवर आल्या. अक्षरं जुळवणारं हे हार्फबझ ज्यांनी वर्षानुवर्षं घडवलं ते बेहदाद एस्फाहबोद मूळचे इराणचे. आपली अरबी लिपी पडद्यावर नीट यावी म्हणून झगडणाऱ्या माणसाने आमच्या गुरुजींचं शुद्धलेखन राखलं. गुरुजींना मी त्यांचं नाव फळ्यावर लिहून दाखवलं. त्यांनी ते मुलांकडून वहीत उतरवून घेतलं.

सगळ्याच भागीदाऱ्या टिकल्या असं नाही. एका कंपनीचे कर्मचारी एका शनिवारी मोठ्या उत्साहाने बसले आणि दुपारपर्यंत शेकडो घरं गिरवून गेले. गंजी आणि मांडवसुद्धा घरं म्हणून गेले. ते पुन्हा आले नाहीत, निस्तरायला कॉलेजची मुलं लागली. भोरमधल्या त्या मुलांनी मात्र धीर धरला. काम सुगीत ठेवायचं नाही, जत्रेच्या आठवड्यात ठेवायचं नाही, संध्याकाळी ठेवायचं आणि चहा आपण न्यायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ती याच गावांची होती.

२०२१ च्या जुलैत अतिवृष्टी झाली. २२ तारखेला वरंधा घाटाच्या खाली महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. त्या दिवसांत आशाताई, वाहकभाऊ, गुरुजी, कॉलेजची मुलं, सगळे मला आणि एकमेकांना कळवत होते: इथे दरड, इथे मोरी गेली, इथून पुढे पायी. मी पुण्यात बसून नोंदी करत होतो, आणि रेंज मिळेल तेव्हा मंडळी ताजा नकाशा उतरवून घेत होती. कुणी कुणाला नेमलं नव्हतं. आबा तोवर गेले होते. पण पायी जायच्या ज्या वाटा सांगितल्या जात होत्या त्यांतल्या कितीतरी त्यांनी दाखवलेल्या होत्या.

२०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला. नकाशात तालुक्याचं नाव बदललं, आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव हरवू नये म्हणून ‘वेल्हे’ जुनं नाव म्हणून ठेवलं. ही दुरुस्ती मी केलेली नाही. झऱ्यांच्या त्या वाडीतली एक मुलगी आता भोरला शिकते, तिने केली, आणि करण्याआधी आपल्या आजीला विचारून घेतली. घोळ आणि दापसरकडचे पाणवठे अजून राहिलेत. भात काढणी झाली की तीच मुलांना घेऊन जाणार आहे. मला तिने छापील कागद पाठवायला सांगितले आहेत, या वेळी जरा जाड, दवात भिजले तरी टिकतील असे.